भिंगरीच्या तारेवरचं मीठ

पूड एकाच बाटलीतली, पण ती लावलेली माझी तार आत धरल्यावर ज्योत फिकट जांभळी झाली आणि भिंगरीची धरल्यावर पिवळीधमक. आत्या चक्रावली. मी मात्र नाही.

भिंगरी म्हणजे आमच्या चांद्रवस्तीत महिन्यापूर्वी आलेली यंत्रमानव. तेव्हापासून प्रयोगशाळेत आत्याच्या तोंडी एकच नाव. भिंगरी किती नीटनेटकी, भिंगरी किती हुशार. माझा नुसता जळफळाट व्हायचा. उद्या आत्या गाडीनं मोठ्या विवराकडे निघणार होती आणि गाडीत एकच जागा उरली होती. पूड ओळखेल तिला ती मिळणार होती. तारेला हात लागला की प्रयोग बिघडतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून भिंगरीची धुतलेली तार मी हळूच घामट मुठीत चोळली होती.

"सोडियम," भिंगरी म्हणाली.

"पोटॅशियम," मी म्हणाले.

आत्यानं डोळ्यांपुढे निळी काच धरली. काचेनं पिवळा रंग अडवला. "भिंगरीच्या ज्योतीतही जांभळा आहे की. पिवळ्यानं झाकलाय."

"म्हणजे पोटॅशियमचं सोडियम झालं?" मी साळसूदपणे विचारलं.

"ज्योतीत तसं होत नाही, मैथिली. अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असतं. त्यात प्रोटॉन (धन विद्युतभाराचे कण) असतात. सोडियमचे अकरा, पोटॅशियमचे एकोणीस. ही संख्या हीच मूलद्रव्याची ओळख. भोवती तेवढेच इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभाराचे कण) असतात. उष्णता मिळाली की ते वरच्या पातळीवर चढतात आणि उतरताना प्रकाश सोडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून रंगही वेगळा."

"मग माझ्या तारेवर सोडियम कुठून आलं?" भिंगरीनं विचारलं.

"मिठातून. मीठ घामात असतं." आत्या माझ्याकडे बघत होती. "आणि भिंगरी, तुला घाम येत नाही."

माझे कान तापले. "मीच चोळली तार, आत्या. तुला हल्ली सगळीकडे तीच लागते."

आत्या ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "माझंही चुकलंच जरा," ती म्हणाली. "पण जागा भिंगरीची."

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. मी खिडकीशी बसून रडले. रागानं की लाजेनं, कोण जाणे.

परत आल्यावर भिंगरी तडक माझ्याकडे आली. तिच्या हातातल्या कुपीत विवरातली करडी धूळ होती.

"हिच्यात काय काय आहे, अजून कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर तपासायची म्हणून तुझ्या आत्यांना थांबवलंय."

हेवा काही पुरता गेला नव्हता. पण तार उचलायच्या आधी मी जाऊन हात स्वच्छ धुऊन आले.