पोटाचं फूल

एकाच मातीत, एकाच उजेडाखाली, एकाच नळाचं पाणी पिऊन दोन झाडं वाढली. दोन्ही भरभरून फुलली. हादग्याच्या अंगावर लांब लांब शेंगा झुलू लागल्या. भोपळ्याच्या वेलीची ओटी मात्र रिकामीच राहिली. असं का व्हावं?

शीतळवाडीत लहानथोर सगळ्यांना हेच कोडं पडलं होतं. शीतळवाडी ही चंद्राच्या आतली वस्ती. फार फार पूर्वी तिथून लाव्हा (वितळलेला खडक) वाहून गेला आणि मागे एक भलीमोठी पोकळ नळी उरली. त्या नळीत माणसांनी घरं बांधली, बाग केली. इथे सूर्य उगवत नाही. छतावरचे दिवे हळूहळू उजळतात, तीच सकाळ. चित्कला इथेच जन्मली होती. तिला सगळे चितू म्हणत.

बागेत एक वाफा मोकळा होता. ज्याची फुलंही खाता येतील आणि फळंही, असं एकच झाड तिथे लावायचं सभेनं ठरवलं. हादग्याची बाजू बऱ्याच जणांनी घेतली. भोपळ्याची बाजू घेणारे एकटे विश्राम आजोबा. म्हणून आधी दोन्ही शेजारी लावून तुलना करायचं ठरलं. ते वनस्पतिशास्त्रज्ञ (झाडावेलींचा अभ्यास करणारे). पृथ्वीवरून येताना त्यांनी आईच्या परसातल्या भोपळ्याच्या बिया फडक्यात बांधून आणल्या होत्या. ते चितूचे सख्खे आजोबा नव्हते, पण शीतळवाडीत आजोबा म्हणायला दुसरं होतं कोण?

चंद्रावर मधमाश्या नाहीत. म्हणून आजोबांनी भुंगोबा नावाचा यंत्रमानव तयार केला होता. सहा पाय, दोन नाजूक हात आणि एका हातात मऊ केसांचा कुंचला. तो फुलाफुलांतून फिरायचा आणि कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखं बोलायचा. चितू त्याला रोज चिडवायची, आणि तो रोज म्हणायचा, "आपली तक्रार रीतसर ऐकून घेतली आहे."

आज संध्याकाळी सभा होती. वेलीला भोपळा धरला नाही, तर ती उपटली जाणार होती. भुंगोबाचे हात काढून खडक खोदणाऱ्या यंत्राला बसवणार होते. ही दुसरी गोष्ट आजोबांनीच सभेला सुचवली होती.

"या भुंगोबाची नजर अधू झालीय," ते चितूला म्हणाले. "रोज येतो आणि सांगतो, वेलीवर पोटाचं फूल नाही. नाही कसं? वेल कधी असं करत नाही."

"पोटाचं फूल आढळले नाही," भुंगोबा शांतपणे म्हणाला. "काल नाही. आजही नाही."

पोटाचं फूल हे शब्द ऐकून चितूला आधी आनंदच झाला. हे तर तिला माहीत होतं.

मागे आजोबा तापानं अंथरुणाला खिळले होते. तोंडाला चव नव्हती. त्यांनी पडल्या पडल्या तिला सांगितलं होतं की भज्यांसाठी वेलीची फुलं आण, पण पोटाची वेगळी आणि काठीची वेगळी, एवढं ध्यानात ठेव. आता शीतळवाडीत जे पिकतं ते दोन टोपल्यांत जातं. एका टोपलीवर लिहिलेलं असतं 'बियांचं', दुसरीवर 'पोटाचं'. पोटाचं म्हणजे खायचं. इथलं रांगतं पोरही हे जाणतं. चितूनं वेल पाहिली. काही फुलं उंच, बारीक दांड्यावर उभी होती, म्हणजे ती काठीची. काही बुटकी, गुबगुबीत, खाली हिरवा मणी असलेली. तिनं गुबगुबीत तेवढी खुडली. भजी कुरकुरीत झाली. डाळीच्या पिठाआड कुठलं फूल आहे हे आजोबांना काय दिसणार? ते मिटक्या मारत जेवले.

आजोबांनी सांगितलं होतं एकदाच. चितू मात्र पुन्हा गेली. मैत्रिणींनी भज्यांची वाहवा केली म्हणून तिसऱ्यांदा गेली, आणि मग जातच राहिली. दिवे उजळता उजळता, भुंगोबा यायच्या आत. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

"ये, तुला दाखवतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी हादग्याचं एक फूल तिच्या तळहातावर ठेवलं. पांढरंशुभ्र, चंद्रकोरीसारखं वाकलेलं. त्यांनी पाकळी बाजूला केली. आत बारीक तंतू होते, टोकाला पिवळी धूळ. ते पुंकेसर, आणि ती धूळ म्हणजे परागकण. त्यांच्या मधोमध एक हिरवी काडी. तो स्त्रीकेसर, त्याच्या तळाशी अंडाशय (फुलाचा जो भाग पुढे फळ होतो तो). परागकण त्या हिरव्या काडीच्या टोकावर पोचले, की झालं परागीभवन. मग पाकळ्या गळतात आणि अंडाशयाची शेंग होते.

"आई आणि बाप एकाच घरात," आजोबा म्हणाले. "हादग्याचं प्रत्येक फूल असं. म्हणून एक फूल भाजीत घातलं, की एक शेंग गेली."

मग त्यांनी वेलीचं उंच दांड्याचं पिवळं फूल उघडलं. आत नुसती धूळ. हिरवी काडी नाही, अंडाशय नाही. हे नरफूल, ते म्हणाले. याला फळ कधीच धरत नाही. आणि नरफुलं वेलीवर खंडीभर येतात. परागकणांपुरती थोडी राहू दिली की उरलेली बिनघोर खावीत, भोपळा एकही कमी होत नाही. म्हणून तर त्यांना वेलीचा एवढा अभिमान होता.

"आणि मादीफूल?" चितूनं विचारलं. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"ते वेगळं उगवतं. थोडकी येतात. पाकळ्यांखाली हिरवा मणी असतो, तेच अंडाशय, तोच उद्याचा भोपळा. माझी आई त्याला पोटाचं फूल म्हणायची. पोटुशी बाई असते ना, तसं." आणि आजोबा गुणगुणू लागले,

"काठीच्या फुला रे, तुझी उंच उंच मान,
पोटाच्या फुलाला गं, वर धरू दे पान."

चितूचे कान तापले. मग गाल. मग पायाच्या बोटांपर्यंत काहीतरी उतरत गेलं. तिला ते कुरकुरीत मणी आठवले, दाताखाली फुटणारे. तिनं मान खाली घातली आणि हातातलं हादग्याचं फूल उगाच मिटवत, उघडत राहिली.

भुंगोबा जवळ आला. "हात कधी जमा करायचे?" त्यानं आजोबांना विचारलं. "कुंचला धुऊन ठेवू का?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला रागावता येत नव्हतं.

"त्याची नजर चांगली आहे," चितू म्हणाली. मग बोलणं थांबेना. टोपल्या, भजी, मैत्रिणी, रोजची सकाळ, सगळं तिनं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "मला शब्द चुकीचा कळला होता, आजोबा. पण लपून जाणं तर मला कळत होतं."

चितूला वाटलं, आजोबांनी ओरडावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी भुंगोबाला आंधळं ठरवलं," ते हळूच म्हणाले. "त्यानं खरं तेच सांगितलं होतं. तू एकटीच नाहीस गं खाली मान घालणारी." मग म्हणाले, "संध्याकाळी सभेत कोण सांगणार?"

"मी," चितू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

सभेत ती उभी राहिली तेव्हा समोरच्या ओळीत भजी खाल्लेल्या मैत्रिणी होत्या. त्यांनीही माना खाली घातल्या. चितूनं दोन्ही फुलं उघडून दाखवली, जशी आजोबांनी दाखवली होती. ही तुलना खरी नाही, ती म्हणाली. दोन झाडांची तुलना करायची, तर दोघांना सारखंच वागवायला हवं. हादग्याला कुणी हात लावला नाही. वेलीला लावला. तो माझा हात होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलंही नाही. सभेनं दोन्ही झाडांना आणखी एक बहर दिला आणि भुंगोबाचे हात त्याच्यापाशीच राहिले. मागून कुणीतरी म्हणालं की आता तरी भजी काठीचीच करा, तेव्हा चितूचे कान पुन्हा तापले.

काही दिवस उलटले. दिवे उजळत होते. भुंगोबानं वेलीपाशी पाय रोवून सांगितलं, "पोटाचं फूल आढळले आहे." आणि कुंचला चितूपुढे धरला.

तिनं काठीच्या फुलातली पिवळी धूळ कुंचल्यावर घेतली. पोटाच्या फुलाच्या आत, हिरव्या टोकावर, श्वास रोखून टेकवली. मग तिनं गाण्यातल्यासारखं शेजारचं रुंद पान अलगद ओढलं आणि त्या फुलावर धरलं. खालचा हिरवा मणी हरभऱ्यापेक्षा थोडाच मोठा होता. त्याच्या आत कुठेतरी, अजून न झालेल्या बियांत, चंद्रावरच्या साऱ्या वेली होत्या.

"हात दुखेल," भुंगोबा म्हणाला.

"दुखू दे," चितू म्हणाली.