फीडमधली अंतीम तारीख

चौदा तारखेला सकाळी फलकावर पोहण्याच्या स्पर्धेची यादी लागली आणि तीत मासोळीचं नावच नाही!

"फॉर्म द्यायला पंधरापर्यंत मुदत होती गं! वेबसाइटवर वाचलंय मी," मासोळी रडकुंडीला आली.

"तिथे बारा आहे. थापा मारू नकोस!" इन्स्पेक्टरने भर वर्गात सुनावलं. हरवलेल्या चार वस्तू शोधल्यापासून शाळा तिला इन्स्पेक्टरच म्हणायची. तिच्या वहीतल्या 'अंतीम'ला बाईंनी तिसऱ्यांदा लाल गोल केला होता, तो राग मासोळीवर निघाला.

पण मासोळीचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. मधल्या सुट्टीत इन्स्पेक्टर कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. शाळेच्या वेबसाइटचं फीड तिने लावून ठेवलं होतं. नवी सूचना आली की तिची प्रत आपोआप येऊन पडायची. वेबसाइटवर मागाहून खाडाखोड झाली, तरी ही प्रत तशीच.

'अंतीम तारीख १५.'

मासोळी खरं बोलत होती!

वेबसाइटचा पासवर्ड एकाकडेच. शाळेचे क्लार्क, म्हणजे तिचे बाबा. ती तडक ऑफिसात गेली.

"बाबा, तारीख कुणी बदलली?"

"मी."

"कधी?"

"काल."

"मुदत संपल्यावर? गुपचूप? का?"

बाबा कालच आलेला नवा चष्मा पुसत राहिले.

तिने परत जाऊन प्रत पुन्हा पाहिली. नजर 'अंतीम'वर अडकली.

पाच मिनिटांनी ती मुख्याध्यापिकांसमोर उभी होती. मागे बाबा, शेजारी मासोळी.

"मॅडम, बाबा 'अंतिम' कधीच चुकत नाहीत. फीडमध्ये त्यातली वेलांटी दीर्घ आहे. बाबांचा चष्मा फुटला होता, म्हणून ते सांगत होते आणि टाइप दुसरंच कुणी करत होतं. आकड्यांच्या बटणांत दोनच्या डोक्यावर पाच असतो. बोट सरकलं, बाराचे पंधरा झाले. काल नवा चष्मा आला, चूक दिसली. बाबांनी ती झाकली, कारण..."

"कारण?"

"कारण टाइप मी केलं होतं."

"चूक तुझी, लपवाछपवी माझी," बाबा खाली मान घालून पुटपुटले.

मॅडमनी आयोजकांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत नाव चालणार होतं.

"मासोळे, सॉरी गं."

"इथे काय सॉरी? थापाडी वर्गासमोर म्हणालीस ना?"

इन्स्पेक्टर वर्गात गेली, फळ्यापाशी उभी राहिली. कान तापले होते.

"थापा मासोळीने नाही मारल्या," ती म्हणाली. "गुन्हेगार सापडलाय. बघून घ्या."