तासलेला चेहरा

दुपारचं जेवण उरकून ती संग्रहालयाच्या तळघरात ठसा घ्यायला उतरली, तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं. तिथल्या मध्ययुगीन कोरीव दगडाच्या अभ्यासात तिने कित्येक वर्षं घालवली होती. त्यावर कोरलेली बाई कुणी राणी नव्हती, तो दगड घडवणारी शिल्पकारच होती. दगड घडवून घेणाऱ्या धन्याने तिचा चेहरा तासून सपाट केला आणि खाली स्वतःचं नाव कोरलं. हे शोधलं हिने, आणि उद्याच्या परिषदेत तिचे मार्गदर्शक सर ते स्वतःचं म्हणून मांडणार होते. आयत्या बिळावर नागोबा! वर हुकूम, "ठसा तेवढा सुबक घे हं, बाळ."

बाळ म्हणे. केस पिकायला लागले होते तिचे.

तिने दगड धुतला, त्यावर ओला कागद बसवला आणि ब्रशने ठोकायला लागली. ठोकल्याशिवाय कागद खाचांत बसत नाही, पण आजचा एकेक ठोका सरांच्या नावाने पडत होता. तळघरात ओल्या दगडाचा वास दाटला. हात त्या सपाट चेहऱ्यापाशी आला.

ठप्.

आतून उत्तर आलं. ठप्.

तिचा हात थांबला. आतला थांबला नाही.

"तुलाही लुबाडलं ना गं..." ती पुटपुटली. राग भीतीहून मोठा होता. "मग घे ना चेहरा परत... त्याचा घे."

आतला आवाज बंद झाला.

संध्याकाळी सरांनी चष्मा सावरत वाळलेला ठसा पाहिला, मान डोलावली आणि कोपऱ्यात आपली सही ठोकली. ती ब्रश धूत राहिली.

परिषदेच्या दिवशी सकाळी सरांच्या बायकोचा फोन आला. "अगं, हे कसंतरीच करताहेत... म्हणतात, तोंडावर कुणीतरी ओला कागद बसवतंय, वरून ठोकतंय. मला तर काहीच दिसत नाही... तू ये ना लवकर."

"येते काकू," ती म्हणाली, आणि थेट तळघरात गेली.

दगडातल्या बाईला चेहरा आला होता. हवेसाठी तोंड वासलेलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोलगट वण, वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्याला पडतात तसे.

फोन पुन्हा वाजायला लागला. तिने तो वाजू दिला. नवा कागद पाण्यात बुडवला, निथळू दिला, त्या उघड्या तोंडावर नीट पसरला आणि ब्रश उचलला.