दिदा गलगालूतली पाऊलखूण

जवळ सरका रे, वारा बोचरा आहे. एलेमा गुयो हा मायकोना गावात माझा शेजारी. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दिदा गलगालूच्या वाळवंटात, काळ्या दगडांत, पाहुण्यांना पक्षी दाखवणं हा त्याचा धंदा. त्याची लेक तलासो त्याच्याहून तरबेज. नुसती शीळ ऐकून चंडोल ओळखायची. दोन वर्षांमागे तिथंच बापलेकीचं वाजलं. तिला नैरोबीला शिकायला जायचं होतं. एलेमा तापट. म्हणाला, "जा. मागं वळून बघू नकोस."

पोर मानी. एकटीच निघाली, दगडांत वाट चुकली. तिसऱ्या दिवशी सापडली... तहानेनं गेलेली.

तेव्हापासून एलेमा पाहुण्यांशी पक्ष्यांपुरतंच बोलायचा.

गेल्या फेब्रुवारीची अठरा तारीख. न्येरीच्या एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या होत्या, न्याम्बुराबाई. त्यांना काळ्या मुखवट्याचा चंडोल बघायचा होता. उजाडायच्या आत जागेवर पोचायला हवं, म्हणून दोघं पहाटे साडेचारला चालू लागले. चंद्र मावळला होता. पायाखाली दगड खडखडत होते.

"एलेमा, तुमच्या मुलीला जरा दमानं चालायला सांगा," बाई धापा टाकत म्हणाल्या. "माझे गुडघे काही तिच्या वयाचे नाहीत."

एलेमा थांबला.

"कोणती मुलगी?"

"ही काय पुढं चाललीय. पिवळी ओढणी."

त्यानं विजेरी मारली. दगड. नुसते दगड.

पुढून शीळ आली. चंडोलाची. पण चंडोल अंधारात अशी शीळ घालत नाही... ती तलासोची होती.

"बाई, तोंड कसंय तिचं?" त्यानं विचारलं.

"दिसत नाही. मागं वळतच नाही ती."

तो गुडघ्यांवर बसला.

"तलासो... मी बोललो ते खोटं गं. वळ. एकदा आबाकडं बघ."

शीळ थांबली. वारा थांबला.



"बाई... वळली का?"

"...हो."

"रागात आहे?"



"नाही हो. रडतेय."

त्यानं अंधारात दोन्ही हात पुढं केले. कितीतरी वेळ तसेच धरले. हाताला काही लागलं नाही. लेक समोर उभी, आणि बापालाच दिसेना.

मग पूर्वेला फटफटलं. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गेली."

त्या दिवशी चंडोल कुणी बघितला नाही.

त्याच्या हातांपासून वीतभर अंतरावर एका सपाट काळ्या दगडावर दोन पावलं उमटली होती. अनवाणी. बोटं त्याच्याकडं. ओली. तिथून सगळ्यात जवळची विहीर दिवसभराच्या वाटेवर.

एलेमा दुपारपर्यंत तिथंच बसून राहिला. ऊन असं की दगडाला हात लावता येईना.

पावलं सुकली नाहीत.