एव्हिसच्या हातून मेलेला तारामासा

मर्ल डगनने मेलेला तारामासा डब्यात घालून फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता, वाटाण्याच्या पाकिटाशेजारी. नेरिडा हेन्स घरात पाऊल टाकते न टाकते तोच मर्लने तो डबा काढून जेवणाच्या टेबलावर आदळला.

"माझ्या बहिणीने मारलं याला," ती म्हणाली. "कसं मारलं, ते तुम्ही शोधायचं. रविवारी ती या घरातून जातेय. त्याआधी पुरावा तिच्या तोंडावर टाकायचाय मला."

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलमध्ये नेरिडाकडे लोक यायचे ते चोरीला गेलेल्या बोटी नाहीतर पळून गेलेले नवरे शोधायला. तारामासा हा पहिलाच. सोबत नेहमीप्रमाणे क्लाइव्ह होता, पोलिसातून निवृत्त झालेला. माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं जरा सावकाश चालायचं. त्याने डब्यात डोकावून पाहिलं. पाच निळ्या हातांपैकी दोन गळून पडले होते आणि उरलेल्यांचा लगदा झाला होता. त्याने लगेच झाकण लावलं.

तारामासा मर्लच्या नवऱ्याने आणला होता, टेडने. स्वतः जायच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून नऊ वर्षं मर्लने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. पोटाच्या ऑपरेशनसाठी ती दहा दिवस ब्रिस्बेनला गेली, सोमवारी परतली, तर हा टाकीच्या तळाशी मरून पडलेला.

घरात एकटी एव्हिस होती. धाकटी बहीण. पुरात तिचं घर गेलं तेव्हापासून तीन वर्षं ती मागच्या खोलीत राहत होती. आता कुठे जाणार, तर रात्रभराच्या बसप्रवासावरच्या माउंट आयसाला, एका मैत्रिणीच्या सोफ्यावर. चौसष्टाव्या वर्षी. ही गोष्ट मर्लने अगदी सहज सांगितली, आणि मला विचाराल तर तिथेच मर्लची कीव येणं थांबलं.

टाकी बैठकीच्या खिडकीपाशी होती. पोवळी फुललेली, गोगलगायी काचेवर चरत होत्या, दोन केशरी मासे मजेत फिरत होते. नेरिडाने त्या गोगलगायींकडे बराच वेळ पाहिलं.

"एव्हिसला काम काय दिलं होतं?"

मर्लने भिंतीवरचा कागद दाखवला. रोज सकाळी निळ्या पिंपातलं गोडं पाणी टाकीतल्या रेघेपर्यंत भरायचं, बस्स. उन्हाने, पंख्याने पाणी उडतं, मीठ काही उडत नाही, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची. शेजारचं पांढरं पिंप खाऱ्या पाण्याचं. ते महिन्यातून एकदा टाकीचं पाणी बदलायला लागतं, आणि त्याला मर्लशिवाय कोणी हात लावायचा नाही.

"निघायच्या सकाळी मी स्वतः दोन्ही पिंपं भरली," मर्ल म्हणाली. "मिठाची नवी पिशवी फोडली, अख्खी ओतली. टॅक्सी दारात हॉर्न देत होती, ऑपरेशनची भीती होती, तरी केलं. आणि हिला एक पिंप उपसायला जमलं नाही. आले तेव्हा निळं पिंप काठोकाठ भरलेलं! एक थेंब वापरलेला नाही."

"आणि टाकीतलं पाणी?"

"मापून पाहिलं मी. खारेपणा अगदी हवा तेवढा. पाणी बरोबर रेघेवर. म्हणजे पाण्याचा दोष नाहीच. हिने काहीतरी घातलं त्यात."

परत आल्यापासून तिने कोणत्याच पिंपाला हात लावला नव्हता. इच्छाच मेली होती. नेरिडाने क्लाइव्हला दोन्ही पिंपांत बोट बुडवून चाखायला लावलं.

"मीच का?" तो कुरकुरला. निळ्यातलं चाखलं. "साधं पाणी." पांढऱ्यातलं चाखलं. "हेही साधंच. आता चहा मिळेल का कुणाकडे?"

चहा शेजारच्या सिल्वियो तारकिनीकडे मिळाला. जन्मभर ऊस पिकवून थकलेला म्हातारा, आता अंगणातल्या आंब्याचा लाड करत बसायचा. ऑगस्टचा मोहोर ऐन भरात होता, आणि त्याने गेल्याच आठवड्यात झाडावर मोरचूद, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, मारलं होतं. फांद्या मर्लच्या खिडकीपर्यंत गेलेल्या. क्लाइव्हने चहाचा कप खाली ठेवला. त्याचे डोळे चमकले.

म्हातारा एव्हिसबद्दल भरभरून बोलला. ती भली बाई. आदल्या गुरुवारी त्याच्या पावसाच्या टाकीतून बादल्यांवर बादल्या पाणी घेऊन गेली. झाडांना हवंय म्हणाली. धापा टाकत होती, याने मदत करतो म्हटलं तर ऐकेना.

परत येताना मागच्या पायरीपाशी गवताचा एक मोठा पट्टा करपून पिवळा पडलेला दिसला. आजूबाजूचं गवत हिरवंगार.

"झालं की काम," क्लाइव्ह म्हणाला. "मोरचूद. गवत जाळलं, खिडकीतून टाकीत शिरलं, तारामासा खलास. मासे तांब्याला दाद देत नाहीत, हे मला पाकिटावर वाचलेलं आठवतंय."

"गोगलगायी देतात, क्लाइव्हराव. आधी त्या मेल्या असत्या."

एव्हिस मागच्या खोलीत होती. बॅग भरून पलंगावर ठेवलेली. बारीक, पांढऱ्या केसांची, हात सारखे एकमेकांत गुंतवणारी. नेरिडाने काही विचारायच्या आतच ती म्हणाली की तारामासा तिच्याच हातून मेला. आळस केला, दहा दिवस पाणी घालायचं विसरली. मर्लचं बरोबर आहे.

"एकदाही घातलं नाहीत?"

"एकदाही नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. बाकी सगळं खोटं होतं.

नेरिडाने सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं. मर्ल खुर्चीत, पोटावर उशी दाबून. एव्हिस दाराच्या चौकटीला टेकून.

"मिसेस डगन, तुमची बहीण म्हणते, दहा दिवस पाणी घातलं नाही. तसं असतं तर या टाकीची पातळी वीतभर उतरली असती. तुम्ही आलात तेव्हा पाणी रेघेवर होतं. म्हणजे ती रोज पाणी घालत होती, अगदी कागदात लिहिल्याप्रमाणे."

"मग निळं पिंप भरलेलं कसं?"

"तिकडेच येतेय. तुम्ही मिठाची अख्खी पिशवी ओतलीत. पण पांढऱ्या पिंपातलं पाणी साधं आहे. क्लाइव्हने चाखलं. मग ते मीठ गेलं कुठे?"

मर्लची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली.

"बाई, एवढ्यावर थांबा," एव्हिस हळूच म्हणाली. "मी जातेय ना. मिटलं की सगळं."

नेरिडाला थांबता आलं असतं. नंतर कित्येक दिवस तिला वाटत राहिलं की थांबायला हवं होतं. पण एक निरपराध बाई घर सोडून चालली होती, आणि ती थांबली नाही.

"टॅक्सी हॉर्न देत होती, तुम्ही घाबरलेल्या होतात, आणि मीठ निळ्या पिंपात पडलं. एव्हिसने सहा दिवस ते खारं पाणी टाकीत घातलं. तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, ते तिने मानलं. टाकी रोज थोडी जास्त खारट होत गेली. गुरुवारी तारामाशाचे हात सैल पडलेले दिसले असतील. तिने तुमचं खारेपणाचं यंत्र काढून मापलं, पिंप चाखलं आणि कुणाच्या हातून काय झालंय ते कळलं. मग टाकीतलं थोडं आणि निळ्या पिंपातलं सगळं खारं पाणी मागच्या पायरीवरून ओतलं. म्हणून तिथलं गवत जळलंय. सिल्वियोकडून पावसाचं पाणी आणून टाकी भरली, पिंपही काठोकाठ भरलं. पांढऱ्या पिंपाला तिने हात लावला नाही. तुम्ही बजावलं होतं ना, लावायचा नाही म्हणून. तेवढंच राहून गेलं, नाहीतर मलाही कळलं नसतं."

"पाणी ठीक केलं, तर तो मेला कशाने?" क्लाइव्हने विचारलं. या वेळी प्रश्न शहाणा होता.

उत्तर एव्हिसने दिलं.

"घाईने. टेडने आणला तेव्हा मर्ल दुपारभर थेंब थेंब पाणी सोडत बसली होती. मी पाहिलंय. एकदम बदल त्याला सोसत नाही. मला ठाऊक होतं, तरी मी भ्याले आणि अर्ध्या तासात सगळ्या बादल्या ओतल्या. हळूहळू वाढलेला खारटपणा त्याने सोसला होता. माझं गोडं पाणी नाही सोसलं. शनिवारी गेला. तेव्हा माझ्याच हातून गेला म्हणाले, ते काही खोटं नाही."

मर्लचा चेहरा उतरला होता. लाज, नुसती लाज होती त्यावर.

"मला फोन का नाही केलास?" तिने अखेर विचारलं.

"त्या दिवशी तुझे टाके उसवले होते. डॉक्टर म्हणाले, तिला कसला त्रास नको. आणि टेडचा तारामासा तुझ्या हातून गेला हे तुला सांगणार कोण? मी नाही सांगू शकले."

मर्ल उशी सोडून उठली. उठताना कळवळली. एव्हिसने सवयीने पुढे होऊन तिला धरलं. मर्ल तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. चुकले म्हणाली, राहा म्हणाली, बॅग मी स्वतः रिकामी करते म्हणाली. क्लाइव्हने रुमाल काढला आणि प्रकरण गोड झालं या समाधानात नाक पुसलं.

एव्हिसने बहिणीला जपून पुन्हा खुर्चीत बसवलं. पाठीमागे उशी नीट केली.

"मंगळवारी तुझं ड्रेसिंग आहे, त्याला मी येईन," ती म्हणाली. "रात्रीची बस धरून दर मंगळवारी येईन, लागेल तितके दिवस. पण राहणार नाही मी इथे."

"अगं, आता तर सगळं कळलं ना मला."

"हो. पण सोमवारपासून तीन दिवस आपण या एकाच टेबलावर जेवलो, मर्ल. तू मला एकदाही विचारलं नाहीस. बाहेरून माणूस बोलावलास."