आधाराची खुर्ची

वर्तमानपत्राच्या कागदावरचा तो ओला डाग साधारण चार सेंटिमीटर रुंद होता. कडा बऱ्यापैकी गोल. मधला कागद फुगलेला. म्हणजे पाणी एकदम सांडलेलं नव्हतं. थेंबाथेंबाने पडलं होतं.

एरवी अशा डागाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पितळी वाद्य फुंकणाऱ्यांच्या पायाशी पाणी पडतंच. छातीतली दमट हवा थंड नळीत शिरते, तिचं पाणी होतं, आणि वाजवणारा अधूनमधून नळी काढून ते खाली झटकतो. बघणाऱ्यांना ती थुंकी वाटते. ती थुंकी नसते. तो निवलेला श्वास असतो.

म्हणूनच प्रत्येक खुर्चीखाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं होतं.

पण ही खुर्ची...

तिच्यावर सहा दिवसांत कोणी बसलंच नव्हतं.

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे आणि ती घडलेली आहे. मी प्रयोगशाळेत काम करते. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, ही माझी सवय. तिने सांगितलेलं सगळं मी वार-वेळांसकट लिहून घेतलं. सहा महिन्यांनी काही न सांगता पुन्हा विचारलं. एका सेकंदाचाही फरक पडला नाही. रचून सांगणारी माणसं इतकी नेमकी नसतात.

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घरात तिला सगळे खारू म्हणायचे. पहिल्यांदा वाद्य फुंकताना तिचे गाल खारीसारखे फुगले होते, तेव्हापासून. ती हॉर्न वाजवायची. गोगलगाईसारखा गोल वळलेला, मोठ्या तोंडाचा. ते तोंड वाजवणाऱ्याच्या मागे असतं, त्यामुळे आवाज आधी पाठीमागच्या भिंतीवर जातो आणि तिथून परत येतो. आमचे मामा प्रत्येक वेळी तोच विनोद करायचे. "हॉर्न वाजवते? मग गाडी कधी घेणार?"

उन्हाळ्यात पितळी वाद्यांचं दहा दिवसांचं शिबिर होतं. सुट्टीमुळे रिकामी असलेली एक निवासी शाळा. तिसऱ्या मजल्यावर लाकडी जमिनीचा लांब हॉल, सात खिडक्या, त्यातल्या दोन न उघडणाऱ्या. दहाव्या दिवशी दुपारी कार्यक्रम. त्यातून एका मुलाला किंवा मुलीला संगीतशाळेत वर्षभराची जागा मिळणार होती. राहणं, शिकणं, वर स्वतःचं वाद्य.

खारूला ती जागा हवी होती. तिच्याहून जास्त तिच्या वडिलांना हवी होती. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चार वर्षं दर रविवारी दोन तास गाडी चालवून तिला शिकवणीला न्यायचे आणि शिकवणी संपेपर्यंत गाडीतच झोपायचे.

अडचण एकच होती. दम.

तिच्या एकटीच्या तुकड्याचा शेवटचा सूर चोवीस सेकंद धरायचा होता. शिबिरात शिकवणाऱ्या बाई स्टॉपवॉच घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी खारूचा सूर एकोणीस सेकंदांवर तुटला. दुसऱ्या दिवशीही एकोणीस.

"हात चांगला आहे, कान चांगला आहे," बाई म्हणाल्या, "दम कमी पडतोय."

हॉर्न वाजवणाऱ्या चौघी होत्या. शिबिरात कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. खुर्चीचा नंबर हेच नाव. खारू पहिली. तिच्या खोलीतली बडबडी मैत्रीण दुसरी. मग तिसरी, चौथी.

आणि खुर्च्या मात्र पाच.

पाचवी खुर्ची पहिलीच्या डाव्या हाताला होती. कधीकधी पहिल्या वादकाशेजारी एक जास्तीचा वादक बसवतात. पहिलीचे ओठ थकले की तो अलगद तिचा सूर उचलतो. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. त्याला तिथे 'आधार' म्हणत. यंदा आधाराला कोणी आलं नव्हतं.

पहिली गोष्ट घडली तिसऱ्या दिवशी. सकाळी सव्वाअकरा.

चौघींना मिळून एक लांबलचक सूर धरायचा होता. असा सूर अखंड ऐकू यावा म्हणून श्वास पाळीपाळीने घेतात. एक थांबते तेव्हा बाकीच्या धरून ठेवतात. कोणी कुठे श्वास घ्यायचा, त्याची खूण कागदावर केलेली असते. बाईंनी घाईत पहिलीच्या कागदावर खुणा केल्या आणि त्याच कागदाच्या झेरॉक्स चौघींना वाटल्या.

म्हणजे चौघींची खूण एकाच जागी. नवव्या ठोक्याला.

आठ... नऊ...

चौघींनी एकदम ओठ उचलले. एकदम श्वास घेतला.

सूर चालूच राहिला.

"वा!" बाई डोळे मिटून म्हणाल्या. "आज पहिल्यांदा तुटला नाही!"

सुट्टी झाल्यावर जिन्यात चौथी म्हणाली, "मी नऊला श्वास घेतला."

"मीपण," तिसरी म्हणाली.

"अगं, प्रतिध्वनी असेल," दुसरी म्हणाली. "एवढा मोठा हॉल. तुमचं आपलं काहीतरीच."

प्रतिध्वनी हळूहळू विरतो. खारूला ते माहीत होतं. तो सूर जराही विरला नव्हता.

खुर्च्या मांडणारे काका हॉलच्या दाराशीच असायचे. त्या दुपारी तिने त्यांना गाठलं.

"काका, आम्ही चौघीच आहोत. पाचवी कशाला मांडता?"

"आधाराची आहे ती."

"पण यंदा आधाराला कोणी नाहीये."

"ते मला नको सांगूस, पोरी." काकांनी फडकं झटकलं. "पहिल्या वर्षी मी चारच मांडायचो. कुलूप लावून जायचो. परत येऊन बघावं तर पाच. मग म्हटलं, आपणच मांडावी. या वयात रोज रोज कशाला दचकायचं?"

"कोणीतरी चेष्टा करत असेल."

"असेल की," काका म्हणाले. "किल्ली माझ्याकडे असते, एवढंच."

सहाव्या दिवशी जेवणानंतर सगळे पडलेले असताना ती हॉलमध्ये विसरलेली वही आणायला गेली. दोन वाजून चाळीस मिनिटं. ऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. वही उचलायला ती वाकली, आणि तिला पाचव्या खुर्चीखालचा कागद दिसला.

तो ओला डाग.

तिने बोट लावलं...

डाग कोमट होता.

ती धावत खाली आली. बाईंना सांगायचं, असं तिने जिन्यातच ठरवलं. पण बाई झोपल्या होत्या. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली.

सातव्या दिवशी एकटीच्या तुकड्याची तालीम होती.

शेवटचा सूर आला. एकोणीस सेकंदांना छाती रिकामी झाली. एकोणीस म्हणजे एकोणीसच, ते तिला आता घड्याळाशिवाय कळायचं. तिने ओठ तसेच ठेवले. आता तुटणार, म्हणून डोळे घट्ट मिटले.

सूर तुटला नाही.

आत फुंकायला काही उरलं नव्हतं. ती फुंकत नव्हती. तरी पाठीमागच्या भिंतीवरून सूर येतच होता. भरलेला. स्थिर. डाव्या गालाला थंडगार वाटत होतं, कोणी फार जवळ बसल्यासारखं.

एकतीस सेकंद.

बाईंनी तिला मिठीच मारली. "अगं, कुठे लपवला होतास हा दम?" त्यांनी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला. पलीकडे ते हसले. "आमची खारू," एवढंच म्हणाले.

आता कसं सांगणार?

कार्यक्रमानंतर सांगू, ती म्हणाली.

आठव्या दिवशी एक्केचाळीस सेकंद झाले. बाकीची मुलं टाळ्या वाजवायला लागली. आणि त्याच दिवशी जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. धाप लागली होती. आठ दिवस ती हाच जिना पळत चढत होती.

संध्याकाळी खोलीत तिने एकटीने सूर धरून पाहिला. चौदा. पुन्हा धरला. अकरा.

नवव्या दिवशी दुपारी ती खोलीत झोपली होती. डोळे उघडले तर दुसरी तिच्या पलंगाशी बसलेली. बडबडी मुलगी, पण चेहरा पांढराफटक.

"पहिली, एक सांगू? चिडू नकोस."

"काय?"

"तू झोपेत श्वास घेत नव्हतीस."

"वेडी आहेस का? मेले असते."

"मी घड्याळ लावलं होतं. पन्नास सेकंद तुझी छाती हललीच नाही. मी तुला हलवणार होते, तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?"

"श्वासाचा आवाज आला. पण तो तुझा नव्हता. तुझ्या उशीच्या त्या बाजूने आला." तिने बोट दाखवलं. डावीकडे.

खारू उठली आणि तडक हॉलमध्ये गेली. सकाळच्या तालमीचे कागद अजून बदललेले नव्हते. तिने पाचव्या खुर्चीखाली पाहिलं. कागद चिंब भिजून जमिनीला चिकटला होता.

मग तिने स्वतःच्या खुर्चीखाली पाहिलं...

कागद कोरडा होता.

अडीच तास तिने हॉर्न वाजवला होता. एक थेंबसुद्धा नाही.

मी तिला विचारलं होतं, त्याच क्षणी का नाही निघालीस? ती म्हणाली, "ताई, तुला खरं सांगू? सूर फार सुंदर होता. मी जन्मात तसा वाजवू शकले नसते. आणि बाबांनी नवा शर्ट घेतला होता."

ती आज नोकरी करते. दर आठवड्याला मला फोन करते. मी फोन उचलते, आणि ती क्षणभर काही बोलत नाही. आधी मला वाटायचं, लाइन खराब आहे. आता माहीत आहे. तिच्या बाजूने आधी दुसरं कोणी बोलतंय का, ते ती ऐकत असते. मीही ऐकायला लागले आहे. ते मला आवडत नाही.

कार्यक्रम दुपारी चार वाजता सुरू झाला. पहिल्या रांगेत वडील. नव्या शर्टाची घडी अजून मोडलेली नव्हती.

तिचा तुकडा आला. शेवटच्या सुराला तिचा स्वतःचा दम किती पुरला, ते तिने मोजलं. सहा सेकंद. पुढचं तिने नुसतं ऐकलं. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. सूर थांबला तेव्हा सगळं सभागृह उभं होतं आणि वडील रुमाल शोधत होते.

बाई माइकवर आल्या. फार ताणलं नाही त्यांनी. वर्षभराची जागा पहिल्या हॉर्नला, म्हणाल्या. खारूला पुढे ओढलं.

"घेणार ना? इथे बोल. सगळ्यांना ऐकू दे."

सभागृह हसलं. मग शांत झालं.

खारू माइकसमोर उभी राहिली.

आणि तेव्हा... डाव्या कानाशी...

कोणीतरी नाकाने लांब श्वास आत ओढला.

वादकांना हा आवाज अंगवळणी पडलेला असतो. एकत्र सुरुवात करायची असली की एकजण असा ऐकू येईल इतका श्वास घेतो. तीच खूण. त्या श्वासावर बाकीचे सुरू करतात. विचार करत नाहीत, होऊनच जातं.

खारूचे ओठ आपोआप विलग झाले.

तिने श्वास घेतला नव्हता. तरी तिची छाती भरत चालली होती. थंड हवेने. गळ्यापर्यंत. ती हवा आता बाहेर पडणार होती, आणि ती काय म्हणणार हे तिला कळलं.

'हो'.

'हो' म्हणायला काहीच करावं लागत नाही. 'ह'ला जीभ लागत नाही. नुसता श्वास सोडला की 'ह' होतो. आणि श्वास तिचा नव्हता.

पण जीभ तिची होती.

चार वर्षं ती हेच तर शिकली होती. सूर सुरू करायचा तर जीभ दातांमागे टेकवायची. तिने जीभ टेकवली. घट्ट. हवा मागून रेटत होती, कानात दडे बसले, डोळ्यांतून पाणी आलं. बाई अजून हसत होत्या. वडील मान डोलावून सांगत होते, बोल, बोल.

तिने जीभ हलू दिली नाही. आणि स्वतःच्या पोटाच्या तळाशी जो काही थोडासा दम उरला होता, तेवढ्यावर...

"न..."

माइक खरखरला.

"नाही. तो सूर माझा नव्हता, बाबा. मी येणार नाही."