ताईच्या लाल रेघा

पटलं तर घ्या. मी तिथे होतो, आणि बोटाला लागलेला तो लाल रंग मी स्वतःच्या हाताने पुसलाय.

भुतं रात्री येतात म्हणे.

ही भर दुपारी आली. ऊन डोक्यावर, आणि समोर बंद पडलेल्या दगडखाणीतली उभी चढण.

आधी ताईबद्दल सांगतो. माझी सख्खी थोरली बहीण. आमच्या घरात गाड्यांचं वेड तिचंच. रानावनात चालवायची गाडी ती स्वतः उंच करायची, मोठे टायर चढवायची आणि मग अर्धा दिवस गाडीखाली पडून राहायची.

"गाडी उंच केली ना ढब्बू, की शाफ्ट तिरका होतो," खालून आवाज यायचा. ढब्बू म्हणजे मी. "इंजिनाची सगळी ताकद शाफ्टच्या ह्या सांध्यातून चाकाला जाते. तिरक्या सांध्याला फार छळलंस, तर तो एक दिवस हात टेकतो."

बोल्ट आवळून झाला की ती त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत, सलग. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

"नवऱ्यापेक्षा ह्या रेघेवर जास्त भरवसा आहे माझा," म्हणायची.

दाजीही हसायचे.

हात चालू असले की ती गुणगुणायची. स्वतःच जुळवलेलं...

फिर फिर चाका, फिर सावकाश
माती लागू दे, मग घे आकाश

म्हणजे चाक हवेत गरगरत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. तसंच गरगरतं चाक दगडावर टेकलं की सगळा हिसका शाफ्टला बसतो, आणि तो मोडतो. चढणीवर कोणीही असो, वॉकी-टॉकीवर तिचा आवाज यायचाच.

"पाय काढ... पाय काढ."

तीच ताई शाफ्ट मोडून गेली.

ह्याच खाणीत. तुटलेला शाफ्ट गाडीखाली गरगरला, ब्रेकची नळी तोडून गेला. गाडी उलटी खाली आली. त्या दिवशी चढणीच्या माथ्यावर वॉकी घेऊन एकटे दाजी उभे होते.

"मी घसा फोडून सांगत होतो, पाय काढ," ते म्हणाले. "तिने ऐकलंच नाही."

तेव्हापासून आई फोटोतल्या लेकीलाही बोल लावायची. "हट्टीच होती कार्टी. जन्मात कुणाचं ऐकलं नाही."

मला ते ऐकवत नसे. पण जी गेली तिची बाजू कोण मांडणार?

पुढच्या वर्षी दाजींनी तीच गाडी दुरुस्त करून उभी केली. ताईच्या आठवणीत तीच चढण चढायची, आमचा वेल्डर माथ्यावरून व्हिडिओ काढणार, शेजारी मी बसायचं. मी हो म्हणालो. तिच्या गाडीत एकदा तरी बसायचं होतं मला.

सकाळी दाजी गाडीखाली गेले आणि लगेच बाहेर आले.

"काय रे, बहिणीचे नखरे तूही करायला लागलास?"

मी वाकून पाहिलं.

प्रत्येक बोल्टवर लाल रेघ होती.

"दाजी, मी नाही..."

"मग काय गाडीने स्वतः नटून घेतलं?"

ते हसले. मला हसू आलं नाही. गॅरेजमध्ये नेलपॉलिशचा वास येत होता... ताजा.

चढण अर्धी झाली. पुढचं डावं चाक उचललं गेलं. दाजींनी ब्रेक दाबून गाडी धरली.

आणि डॅशबोर्डच्या खणात खरखर झाली...

तिथे ताईचा फुटका वॉकी होता. मीच आठवण म्हणून ठेवलेला. त्यात बॅटरी नव्हती.

आधी गुणगुणणं आलं. फिर फिर चाका...

मग ताईचा आवाज. स्वच्छ. "अहो, चाक हवेत आहे. मी पाय काढते."

मग दुसरा आवाज.

"अगं दाब! काही होत नाही. व्हिडिओ झकास येतोय. दाब!"

"शाफ्ट जाईल."

"माझं कधी ऐकणार आहेस का? दाब म्हणतो ना!"

तो आवाज दाजींचा होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा.

खरखर थांबली. मग अगदी हळू, लहानपणी झोपेतून उठवायची तशी, ती म्हणाली...

"ढब्बू, उतर."

माझ्या बाजूचं दार उघडं होतं. मी उघडलं नव्हतं.

मी उतरलो. पाय जमिनीला लागतायत तोच इंजिन किंचाळलं. हवेतलं चाक गरगरायला लागलं.

"दाजी, पाय काढा!"

"उठत नाहीये!" ते रडत होते. "पाय उठत नाहीये रे! ती..."

आतून तिचा आवाज आला. शांत.

"दाबा... काही होत नाही."

चाक दगडावर टेकलं.

कडाक्!

गाडी माझ्या अंगाशेजारून वारा घालत खाली गेली.

दाजी वाचले. कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं, पण वाचले. वेल्डर आणि मी पत्रा कापून आत पोचलो, तर उजवा बूट पेडलवरून निघेना. शेवटी नाडी सोडून पाय बाहेर ओढला. बूट तिथेच राहिला.

मी वाकून पाहिलं.

बुटाच्या टोकावरून पेडलवर, सलग... एक लाल रेघ.

कुठेही तुटलेली नाही. ओली होती. माझ्या बोटाला लागली.

"वॉकीवर काही ऐकलंस?" मी वेल्डरला विचारलं.

"माझा तर बंदच होता," तो म्हणाला.

दवाखान्यात दाजींनी आईला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. न विचारता. आई उठून खिडकीपाशी गेली.

"म्हणजे माझ्या लेकीने ऐकलं होतं," एवढंच म्हणाली.

वाटलं, आता तरी ताई शांत होईल.

आता चढणीवर मी जातो. चाक उचललं की माझ्या गाडीच्या खणात ठेवलेल्या ताईच्या वॉकीतून आवाज येतो, "पाय काढ, ढब्बू." मी काढतो. माझा शाफ्ट आजवर मोडलेला नाही.

पण परवाच्या रविवारी मी माथ्यावर उभा होतो. एक नवखा मुलगा चढत होता. त्याचं चाक हवेत गेलं, तो बिचकला, मागे गाड्या खोळंबल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं...

"अरे दाब! काही होत नाही."

त्याने दाबलं नाही. देवाची कृपा.

घरी येऊन बूट काढायला वाकलो.

उजव्या बुटाच्या टोकावर लाल ठिपका होता. ओला.

रेघ नव्हती. रेघेची सुरुवात होती...